हृदयाला रक्त कोण पुरवितें?



हृदयाविषयीं चार शब्द बोलण्याचें आज मीं योजिलें आहे. मी डॉक्टर नव्हें. मॅट्रिक होऊन शिक्षकाच्या पेशांत शिरलेला, तेहतीस वर्षें मुलांना शिकवून निवृत्त झालेला आणि बारामती तालुक्यांतील पणदरे या गांवीं राहणारा एक मास्तर आहें. अशा माणसानें शरीरशास्त्रावर बोलावें काय, असा प्रश्न आपल्या मनांत येईल; तो येणें रास्तच आहे. म्हणून या विषयाकडे मी कसा वळलों तेंच आधीं सांगतों.

विज्ञानाच्या तासाला फळ्यावर मीं हृदयाची आकृति किती वेळां काढली असेल याची गणती नाहीं. चार कप्पे काढावयाचे, उजवीकडे निळा खडू घासावयाचा, डावीकडे तांबडा, बाण दाखवावयाचे, नांवें घालावयाचीं. मुलें ती आकृति वहींत उतरून घेत आणि परीक्षेंत गुण मिळवीत. त्या आकृतींत एक गोष्ट मात्र कधींच नसे. साऱ्या शरीराला रक्त पुरविणाऱ्या या अवयवाला स्वतःला रक्त कोठून मिळतें, हें तींत दाखविलेलें नव्हतें. मुलांनीं तें कधीं विचारलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर, विचारलें असतें तरी मला उत्तर देतां आलें नसतें.

२००९ सालच्या जानेवारींतील एका रात्रीं माझ्या थोरल्या बंधूंना जेवणानंतर पोटाच्या वरच्या भागीं जड वाटूं लागलें. दिवसभर ते ऊसतोडीवर उभे होते. मळमळ झाली, कपाळावर गार घाम आला. घरांत सर्वांनीं पित्त ठरविलें. मीं माझ्या हातानें लिंबूपाण्यांत सोडा कालवून त्यांना दिला. बसून, कुशी बदलून त्यांनीं रात्र काढली. पहाटे दवाखान्यांत नेलें तेव्हां तेथील डॉक्टरांनीं कागदावरच्या रेषा पाहून सांगितलें, "हृदयाच्या खालच्या भिंतीचें रक्त रात्रींच बंद पडलें आहे. सात तास गेले, मास्तर." दुपार होण्यापूर्वीं बंधु गेले. ज्याला हृदयाचे चार कप्पे तोंडपाठ होते, त्या मास्तराला आपल्याच घरांत हृदय बंद पडत असतांना तें ओळखूं आलें नाहीं. पुढें मीं पुस्तकें मिळविलीं, ओळखीच्या डॉक्टरांना प्रश्न विचारून त्रास दिला आणि जें समजलें तें टिपून ठेवलें. त्यांतील कामापुरतें आज आपणांस सांगतों.

प्रथम हृदयाचें स्थान व रचना थोडक्यांत पाहूं. हृदय साधारणतः ज्याच्या त्याच्या मुठीएवढें असतें. वजन सुमारें ३०० ग्रॅम. दोन फुप्फुसांच्या मध्यें, छातीच्या हाडाच्या मागें तें वसलेलें असून त्याचा अधिक भाग डावीकडे झुकलेला असतो. त्याचें टोंक खालीं व डावीकडे आणि रुंद बाजू वर असते. सुश्रुतानें हृदयाला खालीं तोंड केलेल्या कमळाची उपमा दिली आहे, ती आकारापुरती फारच चपखल आहे. त्याची खालची बाजू छाती व पोट यांमधील पडद्यावर टेकलेली असते. ही गोष्ट लक्षांत ठेवावी. तिचें काम पुढें पडेल.

आंत चार कप्पे. वरच्या दोहोंना कर्णिका व खालच्या दोहोंना जवनिका म्हणतात. शरीरभर फिरून मलिन झालेलें रक्त वरच्या व खालच्या अशा दोन महानीलांतून उजव्या कर्णिकेंत येतें, तेथून उजव्या जवनिकेंत उतरतें आणि फुप्फुसरोहिणींतून फुप्फुसांकडे जातें. तेथें प्राणवायु घेऊन तें चार फुप्फुसनीलांतून डाव्या कर्णिकेंत परत येतें, डाव्या जवनिकेंत उतरतें आणि महारोहिणींतून सर्व शरीराकडे निघतें. येथें मुलांचा नेहमीं एक घोटाळा होतो. रोहिणी म्हणजे शुद्ध रक्ताची व नीला म्हणजे अशुद्ध रक्ताची वाहिनी, असें तीं पाठ करितात. वस्तुतः हृदयाकडून रक्त नेणारी ती रोहिणी आणि हृदयाकडे रक्त आणणारी ती नीला. म्हणूनच फुप्फुसरोहिणींत मलिन रक्त असतें आणि फुप्फुसनीलांत शुद्ध.

महारोहिणी ही शरीरांतील सर्वांत मोठी रोहिणी. ती डाव्या जवनिकेंतून वर चढते, कमानीसारखी मागें व डावीकडे वळते आणि पाठीच्या कण्याला लागून खालीं उतरते. कमानीवरून तीन मोठ्या शाखा निघतात. पहिली उजव्या हाताकडे व मानेच्या उजव्या बाजूस रक्त नेते, दुसरी मानेच्या डाव्या बाजूनें डोक्याकडे जाते, तिसरी डाव्या हाताकडे. खालीं उतरतांना ती छातीच्या व पोटाच्या अवयवांना शाखा देते, आणि बेंबीच्या सुमारास दुभंगून तिच्या दोन शाखा दोन्ही पायांकडे जातात. विश्रांतींत असलेल्या माणसाचें हृदय दर ठोक्याला सुमारें ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतें. मिनिटाला ७२ ठोके धरले तर हें पांच लिटर होतें, आणि दिवसाच्या ठोक्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते.

आतां मुख्य प्रश्नाकडे येऊं. ज्याच्या पोटांतून मिनिटाला पांच लिटर रक्त जातें, त्याला निराळा रक्तपुरवठा हवा तरी कशाला? आंतल्या आंत तें हवें तेवढें शोषून घेत नसेल काय?

आमच्या भागांतील शेतकऱ्याला याचें उत्तर समजावयास वेळ लागणार नाहीं. आमचा प्रदेश नीरा डाव्या कालव्याचा. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर खणलेला आणि १८८५ च्या सुमारास वाहूं लागलेला हा कालवा बारामती व इंदापूर तालुक्यांच्या रानांतून गेला आहे. परंतु कालव्याच्या अगदी कडेला जमीन आहे म्हणून कोणाचा ऊस भिजत नाहीं. मधें भराव असतो. फाट्यावरून चारीला, चारीवरून पोटचारीला आणि तेथून सरींत पाणी आलें पाहिजे. रात्रीं कोणीतरी दारें धरलीं पाहिजेत. तेव्हां पीक उभें राहतें. हृदयाचेंहि तसेंच आहे. डाव्या जवनिकेची भिंत सुमारें एक सेंटिमीटर जाड, घट्ट स्नायूंची असते. आंतून वाहणाऱ्या रक्ताचा उपयोग आंतल्या अगदी पातळ थरालाच होतो. बाकीची भिंत रक्ताच्या कांठीं राहूनहि कोरडीच राहील.

बेडकाच्या हृदयाची गोष्ट निराळी आहे. त्याची जवनिका आंतून स्पंजासारखी सच्छिद्र असते व आंतल्या रक्तावरच तिचें पोषण होतें. माणसाच्या हृदयाला मात्र जोर मोठा लावावा लागतो, म्हणून भिंत जाड झाली, आणि भिंत जाड झाली म्हणून तिला स्वतःच्या वाहिन्या लागल्या. या वाहिन्यांना हृद्‌रोहिणी म्हणतात. त्या हृदयाभोंवतीं मुगुटासारख्या वेढून बसतात, त्यावरून युरोपांतील वैद्यांनीं त्यांना मुगुटाचेंच नांव दिलें आहे.

महारोहिणी जेथें डाव्या जवनिकेंतून निघते, तेथें तिच्या तोंडाशीं खिशांसारख्या तीन पडद्यांची झडप असते. या खिशांच्या लागूनच वर दोन बारीक छिद्रें असतात. त्यांतून दोन हृद्‌रोहिण्या निघतात, एक उजवी व एक डावी. महारोहिणीच्या सर्व शाखांत या पहिल्या. मेंदू, हात, पोट, पाय यांच्या वांट्यापूर्वीं सृष्टीनें हृदयाचा वांटा काढून ठेवला आहे.

उजवी हृद्‌रोहिणी उजवी कर्णिका व उजवी जवनिका यांमधील खांचेंतून उजवीकडे वळते आणि हृदयाच्या मागच्या बाजूस येते. बहुतेक माणसांत तिचीच एक शाखा मागच्या खांचेंतून टोंकाकडे उतरते. उजवी जवनिका आणि पडद्यावर टेकलेली हृदयाची खालची भिंत हें तिचें क्षेत्र. डावी हृद्‌रोहिणी निघाल्यावर दोन सेंटिमीटरांच्या आंतबाहेरच दुभंगते. एक शाखा पुढच्या खांचेंतून थेट टोंकाकडे उतरते. डाव्या जवनिकेची पुढची भिंत, दोन जवनिकांमधील पडद्याचा मोठा भाग व टोंक यांचें पोषण ती करते. दुसरी शाखा डाव्या बाजूनें वळसा घालून मागें जाते व डावी बगल सांभाळते. रक्ताचा उपयोग झाल्यावर तें हृदयाच्या नीलांतून गोळा होतें, मागच्या बाजूच्या एका रुंद नालींत येतें व उजव्या कर्णिकेंत पडतें.

या रोहिण्यांची जाडी ती किती? मुळाशीं तीन-चार मिलिमीटर, म्हणजे गव्हाच्या ताटाएवढी. त्यांतून मिनिटाला सुमारें पाव लिटर रक्त हृदयाच्या भिंतींत खेळतें. शरीराच्या वजनाच्या दोनशेंवा हिस्सा असलेलें हृदय एकूण रक्ताचा विसावा हिस्सा आपल्यासाठीं घेतें, एवढी त्याच्या कामाची निकड आहे.

बंधु गेल्यानंतरच्या वर्षीं मीं खाटकाकडून बकऱ्याचें हृदय आणलें व वर्गांत टेबलावर ठेवलें. खांचांतून पिवळट चरबी होती. ती सुरीनें अलगद बाजूस करतांच तिच्याखालीं वाहिन्या दिसूं लागल्या. मग महारोहिणीच्या तोंडांत नळी बसवून तांबडी शाई मिसळलेलें पाणी ओतलें. झडपेचे पडदे मिटले, पाणी तुंबलें, आणि पाहतां पाहतां हृदयावरच्या वाहिन्या तांबड्या झाल्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, ह्येला बी सोताच्या चाऱ्या हायत की!" माझ्या साऱ्या नोकरींत याहून चांगलें उत्तर मला कोणी दिलें नाहीं.

या लहानशा प्रयोगांत आणखी एक तत्त्व दडलेलें आहे. झडप मिटल्यावर वाहिन्या भरल्या, हें आपण पाहिलें. जिवंत हृदयांतहि फार निराळें होत नाहीं. हृदय आकुंचन पावतें तेव्हां त्याचे स्नायु इतके आवळले जातात कीं, भिंतीमधून जाणाऱ्या त्याच्याच बारीक वाहिन्या चेपल्या जातात. ओलें फडकें पिळतांना त्यांत पाणी शिरावें कसें? म्हणून डाव्या जवनिकेला मिळणारें बहुतेक रक्त आकुंचन संपून हृदय सैल पडतें तेव्हांच मिळतें. मिनिटाला ७२ ठोके असले तर एका ठोक्याला आठ दशांश सेकंद लागतो. त्यांतील तीन दशांश कामाचे व पांच दशांश विसाव्याचे. हृदय अहोरात्र राबतें असें आपण म्हणतों, परंतु चोवीस तासांतील सुमारें पंधरा तास तें सैल असतें, आणि त्याच वेळांत तें आपलें पोषण करून घेतें. ठोके जलद पडूं लागले कीं काम वाढतें आणि कमी होतो तो नेमका विसाव्याचा वेळ. वाहिन्या निकोप असतील तर त्या रुंदावून चारपांच पट रक्त आणतात व निभावून नेतात. त्या अरुंद झाल्या असतील तर चढण चढतांना किंवा वाऱ्याविरुद्ध सायकल मारतांना छाती दाबल्यासारखी होते व थांबलें कीं बरें वाटतें. १७६८ सालीं लंडनच्या विल्यम हेबर्डन या वैद्यानें या दुखण्याचें वर्णन करून ठेवलें, तें आजहि जसेंच्या तसें लागू पडतें.

थांबलें कीं बरें वाटतें, ही सूचना झाली. रोहिणी पुरती बंद झाली म्हणजे संकट आलें. वाहिनीच्या आंतल्या अस्तराखालीं स्निग्ध पदार्थांचा थर वर्षानुवर्षें सांचत असतो. एखादे वेळीं तो थर फुटतो, फुटल्या जागीं रक्ताची गुठळी धरते व वाट बंद होते. अशा वेळीं शेजारची वाहिनी मदतीस कां येत नाहीं? हृद्‌रोहिण्यांच्या शाखांमधून बारीक जोडवाटा आहेत खऱ्या, पण एकाएकीं सारा भार उचलण्याइतक्या त्या रुंद नसतात. वर्षभरांत हळूहळू अडथळा वाढला तर त्या रुंदावतात. एका रात्रींत नाहीं. आमच्याकडे चारीच्या शेवटाला 'टेल' म्हणतात. वर चारी फुटली कीं टेलच्या शेतकऱ्याला दुसऱ्या चारीचें पाणी मागतां येत नाहीं. त्याचें पीक उभ्या जागीं वाळतें. हृदयाचा प्रत्येक भाग असा टेलचा शेतकरी आहे. रक्त थांबल्यापासून अर्ध्या तासाच्या आंतबाहेर भिंतीच्या आंतल्या थरांतील स्नायु मरूं लागतो, आणि ती मर तासातासानें बाहेरच्या थराकडे पसरते. सहा तासांत बहुतेक नुकसान होऊन चुकतें. मेलेला स्नायु पुन्हां उगवत नाहीं. त्या जागीं वण राहतो, आणि वण आकुंचन पावत नाहीं. माझ्या बंधूंचे सात तास काय किंमतीचे होते, तें मला हें वाचल्यावर कळलें.

आतां हृदयाच्या मज्जातंतूंकडे वळूं, कारण घात झाला तो दुखण्याची खूण न ओळखल्यामुळें, आणि ती खूण मज्जातंतूंच्या वाटेनें येते.

हृदयाचे ठोके मेंदूच्या हुकुमानें पडत नाहींत. वरची महानीला उजव्या कर्णिकेला मिळते तेथें एक लहानशी गांठ आहे. आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनीं १९०७ सालीं तिचें वर्णन केलें. ठोक्याचा विद्युत्‌-संदेश तेथें आपोआप उत्पन्न होतो, कर्णिकांतून पसरतो आणि कर्णिका-जवनिकांच्या सीमेवरील दुसऱ्या गांठीपाशीं क्षणभर थबकतो. या दुसऱ्या गांठीचा शोध ताव्हारा नांवाच्या जपानी शास्त्रज्ञानें १९०६ सालीं प्रसिद्ध केला. त्या क्षणभरांत जवनिका भरून घेतात. मग संदेश खालीं उतरतो व जवनिका आकुंचन पावतात. बहुतेक माणसांत या दोन्ही गांठींना रक्त मिळतें तें उजव्या हृद्‌रोहिणीकडून. म्हणून ती बंद पडली तर कित्येकदां नाडी एकदम मंद होते, घाम सुटतो, भोंवळ येते. खालच्या भिंतीच्या दुखण्यांत मळमळ व ओकारीहि पुष्कळदां होते. हें सर्व मीं त्या रात्रीं पाहिलें होतें.

मेंदूचें काम ठोक्यांची गति कमीअधिक करण्याचें. मेंदूच्या बुडापासून निघून मानेंतून छातींत उतरणारा एक मज्जातंतु गति मंद करितो. पाठीच्या कण्याच्या वरच्या भागांतून येणारे दुसरे तंतु ती वाढवितात व आकुंचनाचा जोर वाढवितात. पहिला लगाम आणि दुसरा चाबूक म्हणा. स्वस्थ बसलेल्या माणसांत लगामाचा जोर अधिक असतो. दोन्ही नसते तर हृदय मिनिटाला सुमारें शंभर ठोके देत राहिलें असतें. हें तंतु आपला परिणाम रासायनिक द्रव्याच्या द्वारें घडवून आणतात, हें ऑटो लोवी यांनीं १९२१ सालीं बेडकाच्या हृदयांवर प्रयोग करून दाखविलें व पुढें १९३६ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

तंतु तोडले तरी हृदय चालतें याचा मोठा पुरावा म्हणजे हृदयाचें आरोपण. भारतांतील असा पहिला प्रयत्न १९६८ सालच्या फेब्रुवारींत मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं केला. रुग्ण कांहीं तासच जगला. परंतु जगांतील पहिल्या आरोपणानंतर तीन महिन्यांच्या आंत आपल्या मुंबईंत हें धाडस झालें. पुढें १९९४ सालीं दिल्लींत तें यशस्वी झालें. नव्या छातींत बसविलेल्या हृदयाचे सर्व मज्जातंतु तुटलेले असतात, तरी तें आपल्या गांठीच्या बळावर ठोके देतें. मात्र त्याला एक उणीव राहते: पुढें त्याची रोहिणी बंद पडली तरी बहुधा रुग्णाला कळ येत नाहीं, कारण कळ सांगणारे तंतुहि तुटलेले असतात.

ही कळ येते तरी कोठें? हृदयाच्या दुखण्याचा संदेश नेणारे तंतु पाठीच्या मज्जारज्जूच्या वरच्या चारपांच भागांत शिरतात. छातीची कातडी व डाव्या हाताची आंतली बाजू यांचे तंतुहि तेथेंच शिरतात. गांवच्या टपालकचेरींत आजूबाजूच्या वाड्यांचें टपाल एकत्र पडतें. एखाद्या पाकिटावर पाठविणाऱ्याचें नांव नसलें तर टपालवाला काय म्हणेल? ज्या वाडीचीं पत्रें रोज येतात तिचेंच तें असावें, असें म्हणेल. हात आणि कातडी मेंदूला रोज पत्रें लिहितात. हृदय जन्मांत एकदां लिहितें. म्हणून हृदयाचा निरोप आला कीं मेंदू तो हाताचा समजतो. डावा हात भरून येतो, खांदा किंवा पाठ दुखते. मानेकडील वाटांनीं कांहीं निरोप जातात, म्हणून जबडा दुखतो व माणूस दांत दाखवावयास जातो. खालची भिंत दुखावली असेल तर ओझें पोटाच्या वरच्या भागांत वाटतें, आणि घरोघरीं सोड्याची पुडी निघते. मधुमेह फार दिवसांचा असला तर हे तंतुच दुबळे होतात, आणि केवळ धाप, घाम किंवा थकवा एवढीच खूण मिळते. स्त्रियांच्या बाबतींतहि छातींत कळ न येतां अशीं आडवळणाचीं लक्षणें अधिक दिसतात.

यावरून करावयाचें काय, तें सांगतों. छाती, हात, जबडा, पाठ किंवा पोटाचा वरचा भाग यांत दाब किंवा जडपणा वाटूं लागला आणि विसावा घेऊनहि दहापंधरा मिनिटांत गेला नाहीं, बरोबर गार घाम, मळमळ किंवा धाप असली, तर तें दुखणें हृदयाचें धरून चालावें. रुग्णाला चालूं देऊं नये, मोटारसायकलवर बसवूं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ही सोय महाराष्ट्रांत २०१४ पासून आहे. तिच्यांतील डॉक्टर सांगतील तें औषध द्यावें. घरचें औषध देत बसूं नये. जेथें हृदयाचा विद्युत्‌-आलेख, म्हणजे ई. सी. जी., निघतो तेथें प्रथम जावें. पहिला आलेख चांगला आला आणि दुखणें मात्र चालूच राहिलें, तर कांहीं वेळानें पुन्हां काढण्याविषयीं विचारावें. गुठळी विरघळविणारें औषध टोंचतां येतें, किंवा मनगटाच्या वा जांघेच्या रोहिणींतून बारीक नळी सरकवून बंद वाट फुग्यानें उघडतां येते. ही दुसरी युक्ति आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनीं १९७७ सालीं झुरिच येथें प्रथम माणसावर केली. दोन्ही उपायांचा गुण पहिल्या तासांत जितका येतो तितका पुढें येत नाहीं. पित्तच निघालें तर एक खेप फुकट जाईल. खेप फुकट गेल्याचें दुःख करणारा मनुष्य मीं अजून पाहिला नाहीं.

तंबाखू, विडी व मिश्री सोडावी, रक्तदाब व साखर वरचेवर पाहावी, रोज चालावें, हें आपण अनेक वेळां ऐकलें आहे, म्हणून त्याचा विस्तार करीत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं हा विकार कोणाची विद्या किंवा पदवी पाहत नाहीं. असंख्य हृदयांवर शस्त्रक्रिया केलेले मुंबईचे डॉ. नीतू मांडके २००३ सालीं हृदयविकाराच्या झटक्यानेंच आपणांतून गेले.

शेवटीं माझी स्वतःची गोष्ट. २०२१ सालच्या फाल्गुनांत कालव्याच्या कडेनें सायकल मारीत असतांना माझा जबडा दुखूं लागला. उतरलों, बाभळीखालीं बसलों. पांच मिनिटांत दुखणें थांबलें. दुसऱ्या दिवशीं तीच जागा, तोच वारा, तेंच दुखणें. सून म्हणाली, "मामा, दांताच्या डॉक्टरकडे जाऊन या." मी मुलाला घेऊन हृदयाच्या डॉक्टरकडे गेलों. पुण्यास नळी घालून तपासणी झाली तेव्हां समोरच्या पडद्यावर मीं माझ्याच हृद्‌रोहिण्या पाहिल्या. पुढच्या खांचेंतून उतरणारी शाखा एके ठिकाणीं दोऱ्याएवढी झाली होती. तेथें फुगा फुगवून जाळीची नळी बसविली, आणि पाहतां पाहतां ती शाखा टोंकापर्यंत भरली. बकऱ्याच्या हृदयांत तांबडी शाई पसरली होती तशीच. बंधूंची आठवण झाली. त्यांच्या वेळीं जें मला ठाऊक नव्हतें, त्यानें माझा जीव वांचविला.

श्रोत्यांत कोणी शिक्षकबंधु-भगिनी असतील तर त्यांना माझी एक विनंती आहे. फळ्यावर हृदयाची आकृति काढाल तेव्हां महारोहिणीच्या मुळाशीं दोन रेघा अधिक काढा, एक उजवीकडे व एक डावीकडे, आणि त्या हृदयाच्या अंगावरून खालीं टोंकापर्यंत न्या. त्या रेघा बंद पडल्या तर दुखतें कोठें, तेंहि मुलांना सांगा. मुलें घरीं जाऊन सांगतील, आणि एखाद्या घरांत सोड्याच्या पुडीऐवजीं गाडी बोलाविली जाईल.